गाड्या ऊसतोडीला निघायच्या आत टीबी शोधता येईल का?

काचपट्टी (बीड)

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. इथं ऊसतोडीच्या पट्ट्यातले बरेच जण आहेत, डॉक्टर आहेत, आशाताई आहेत, म्हणून हा विषय इथं मांडतोय.

मागच्या उन्हाळ्यात तिशीतली एक बाई नवऱ्याबरोबर आली. कारखान्यावरून परतून आठच दिवस झाले होते. हाडं तेवढी राहिलेली, दोन पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची. नवऱ्यानं पिशवीतून कागद काढून माझ्यापुढं ठेवले. एक चिठ्ठी कर्नाटकातल्या दवाखान्याची, एक साताऱ्याकडची, आणि सगळ्यात खाली घडी पडून मळलेला आमचाच रिपोर्ट. दसऱ्यानंतरचा. 'निगेटिव्ह'. खाली माझी सही.

मी जुनं रजिस्टर काढलं. नमुना कसा होता त्या रकान्यात 'लाळ' अशी नोंद होती, माझ्याच अक्षरात. म्हणजे तिनं बेडका दिलाच नव्हता, तोंडातली थुंकी दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना आणायला सांगितलं होतं, तो रकाना कोरा. त्या सकाळी तिची गाडी निघाली होती. नॅटचं मशीन (नमुन्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं) तेव्हा आमच्याकडं नव्हतं. ते जिथं होतं तिथं आमचे नमुने आठवड्यातून दोनदा जायचे.

या वेळी तिचा नमुना मशीनमध्ये लावला. दोन तासांच्या आत उत्तर आलं: टीबी आहे, रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देणारा आहे. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती बरी होईल, होतेच आहे. पण मधले सहा-सात महिने ती कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) खोकत राहिली. एका कोपीत चौघं झोपायचे. सगळ्यात धाकटी पोर चार वर्षांची, तिच्या मानेला गाठ आली होती. ती गाठ बघितल्यापासून मला चैन नाही.

सूक्ष्मदर्शकाबद्दल थोडं सांगतो, कारण 'रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही' हा समज फार पक्का आहे. काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर द्यायचा, रंगवायचा, तेल टाकून बघायचं. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. निगेटिव्ह म्हणायच्या आधी शंभर फील्ड बघायचे असतात. पण काडी नजरेला पडायची तर एका मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर माझे डोळे कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. फुप्फुसाच्या टीबीचे निम्म्याच्या आसपास रुग्णच या तपासणीत सापडतात. जीनएक्स्पर्टला (नॅटचंच एक मशीन) मिलिलिटरमागं सव्वाशे-दीडशे जंतू पुरतात, त्याच्या अल्ट्रा कार्ट्रिजला वीसपेक्षाही कमी. वर रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही तेही त्याच बैठकीत कळतं.

म्हणजे मशीन उत्तम आहे, यात शंका नाही. माझं म्हणणं एवढंच की ती बाई सुटली ती मशीनच्या कुवतीमुळं नाही. ती ज्या दिवशी आमच्या दारात उभी होती, त्या दिवशी मशीन तिथं नव्हतं. आणि आमच्या भागात त्या 'एका दिवसा'ची तारीख आधीपासून माहीत असते. दसरा-दिवाळीच्या दरम्यान गाड्या भरतात. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस अख्खा तांडा घरी असतो. त्या दिवसांत एक्स-रे आणि नॅट दोन्ही तांड्यावर नेता येतील का? कुणी असं काही केलंय का? काय अडचणी येतील, मोकळेपणानं सांगा.

गोदाकाठ (नांदेड)

वाचून पोटात गोळा आला. पोरगी कशी आहे आता?

एक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा रक्त तपासून टीबी कळत नाही का? आमच्या मेव्हण्याचा रक्तातूनच काढला होता, खासगीत, दोन हजारांच्या वर घेतले.

काचपट्टी (बीड)

पोरगी बरी आहे. गाठीतून सुईनं पाणी काढून तेच मशीनमध्ये लावलं, त्यात निघालं. गोळ्या चालू आहेत, गाठ बसत आलीय.

रक्ताचं नीट सांगतो, कारण यात लोकांचे फार पैसे गेलेत. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ठरवणाऱ्या तपासण्यांवर भारत सरकारनं २०१२ सालीच बंदी घातली. त्या तपासण्या ज्याला आहे त्याला नाही म्हणायच्या आणि ज्याला नाही त्याला आहे म्हणायच्या. हल्ली खासगीत 'टीबी गोल्ड' लिहून देतात, ती वेगळी. ती शरीरात कधीतरी जंतू शिरला होता का एवढंच सांगते. आपल्याकडं कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात तो झोपलेला असतो. आज आजार आहे का, हे तिच्यावरून ठरत नाही. फुप्फुसाचा टीबी असेल तर बेडकाच तपासायचा.

स्टेथो_लातूर

मी छातीविकाराचा डॉक्टर. काचपट्टी यांनी मांडलेलं अगदी बरोबर आहे, त्यात एक भर घालतो.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचं सर्वेक्षण झालं. त्यात दोन गोष्टी निघाल्या, त्या मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना पाठ करायला लावतो. पहिली: लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याही दवाखान्यात गेलेलेच नव्हते. दुसरी त्याहून महत्त्वाची: सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के हे छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुटले असते. म्हणजे 'दोन आठवड्यांचा खोकला आहे का?' या प्रश्नाला ते 'नाही' म्हणाले होते.

आपली सगळी व्यवस्था खोकल्यावर उभी आहे. आशाताई दारात जाऊन खोकला विचारते. ज्याला खोकला नाही, किंवा जो खोकल्याला खोकला मानत नाही (तंबाखू-विडीवाले सगळे यातच आले, 'हा तर नेहमीचाच'), तो चाळणीतून खाली पडतो. म्हणून तांड्यावर जाणार असाल तर प्रश्नावली हा दरवाजा ठेवू नका. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक्स-रे काढा, आणि ज्याच्या एक्स-रेत काही दिसेल किंवा ज्याला लक्षणं असतील त्याचा बेडका घ्या.

हातात धरायची एक्स-रे मशीनं आता आली आहेत. काहींचं वजन साडेतीन किलोच्या आसपास असतं, बॅटरीवर चालतात. फोटो लॅपटॉपवर येतो आणि सॉफ्टवेअर लगेच गुण देतं, संशय किती ते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांसाठी या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. तांड्यावर रेडिओलॉजिस्ट नेता येत नाही, त्यामुळं हे फार मोठं काम झालं. मात्र सॉफ्टवेअर संशय दाखवतं, निदान करत नाही. जुन्या बऱ्या झालेल्या टीबीचा व्रणही त्याला संशयास्पद वाटतो. गोळ्या सुरू करायच्या त्या नॅटचं उत्तर बघून.

गोदाकाठ (नांदेड)

पण सरसकट सगळ्यांचा एक्स-रे? किरणांचा त्रास नाही का? बायका तयार होतील?

स्टेथो_लातूर

छातीच्या एका एक्स-रेत जेवढे किरण लागतात, तेवढे साधारण दहा दिवसांत जमिनीतून, आकाशातून आपल्याला तसेही मिळतात. गरोदर बाईला आधी विचारायचं आणि तिचा बेडका थेट तपासायचा. बायकांसाठी आडोसा आणि बाई कर्मचारी हवी. ती सोय नसेल तर बायका येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

बीएएमएस_तालुका (परभणी)

मी खेड्यात प्रॅक्टिस करतो, रोज सत्तर-ऐंशी पेशंट. आमच्या बाजूनं काय चुकतं ते मीच सांगतो.

खोकला-ताप घेऊन पेशंट येतो. त्याला उद्या कामावर जायचंय. मी लिव्होफ्लॉक्सॅसिन लिहितो, चार दिवसांत बरं वाटतं, तो खूश, मी खूश. या गोळीचा टीबीच्या जंतूवरही थोडा परिणाम होतो. म्हणजे टीबी दबतो, मरत नाही, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा उसळतो, आणि तोवर पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडं गेलेला असतो. तिथंही तेच. एका पेशंटचं निदान मी असंच तीन महिने लांबवलं होतं. तो वाचला, पण एक फुप्फुस गेलं. तेव्हापासून पंधरा दिवसांच्या वरचा खोकला असेल तर ही गोळी लिहीत नाही, आधी बेडका पाठवतो.

दुसरं, खासगी डॉक्टरांनी टीबीचा रुग्ण कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. कळवल्याबद्दल ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० मिळतात. माझे बरेच मित्र अजून कळवत नाहीत. 'पेशंट सरकारीकडं जाईल' ही भीती. अरे, तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात, तुमच्याकडंच उपचार चालू ठेवता येतात. माझे पेशंट कुठंही गेले नाहीत.

आशा_धारूरकडची

मी २०११ पासून आशा आहे. बेडक्याबद्दल बोलते, कारण ते काम माझं.

लोकांना डबी दिली की थुंकून देतात. त्यांचं चुकत नाही, आपण 'थुंकी आणा' म्हणतो म्हणून ते थुंकी आणतात. मी आता 'थुंकी' म्हणतच नाही. मी सांगते, सकाळी उठल्यावर चूळ भरा, अंगणात या, दोनदा खोल श्वास घेऊन सोडा, तिसऱ्यांदा छातीतून जोरात खोका आणि जे घट्ट येईल ते डबीत. पिवळं, चिकट, तार सुटणारं. फेस-फेस पाणी आलं तर परत. कुणाला येतच नसेल तर थोडं गरम पाणी प्यायला देते, चार पावलं चालवते. आणि घरात कधीच घेत नाही, उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून.

म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना खोकून दाखवायची लाज वाटते. सासरा बसलेला असला तर सून जोरात खोकतच नाही, तोंडाला पदर लावते. अशीच एक सून होती, तीनदा लाळ आली. चौथ्यांदा मी तिला पाणी आणायच्या निमित्तानं हापशावर नेलं, तिथं बेडका पडला. निघाला टीबी.

पाच मिलि नको, दोन मिलि चालतं, पण छातीतलं पाहिजे. मशीन कितीही लाखाचं असू द्या, डबीत लाळ गेली तर ते लाळेचंच सांगणार.

काचपट्टी (बीड)

ताई, हे तुमचं लिहिणं मी छापून आमच्या लॅबच्या दारावर लावतो.

यंत्रदुरुस्ती (छ. संभाजीनगर)

रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करतो. मशीन 'आलं' आणि मशीन 'चालतंय' यात किती अंतर असतं ते लिहितो.

कार्ट्रिजवालं मोठं मशीन, म्हणजे जीनएक्स्पर्ट, १५ ते ३० अंशांच्या खोलीत राहायला हवं. म्हणजे एसी, बिनधुळीची खोली, यूपीएस. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश, आणि दुपारची लाइट जाते. तपासणी निम्म्यात असताना लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली तर ते कार्ट्रिज वाया, नमुना परत घ्या. दरवर्षी मॉड्यूलचं (नमुना तपासणाऱ्या कप्प्याचं) कॅलिब्रेशन करावं लागतं, ते पुढं ढकललं की एकेक मॉड्यूल बंद पडत जातं. चार मॉड्यूलचं मशीन दोनवर चालताना मी कितीदा पाहिलंय.

तांड्यावर न्यायचं असेल तर ट्रूनॅटचा, म्हणजे नॅटच्या छोट्या मशीनचा, विचार करा. गोव्यात तयार होतं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मान्यता दिली. बॅटरीवर चालतं, एसीची गरज नाही, पेटीत घालून जीपमधून नेता येतं. तासाभरात टीबीचं उत्तर, आणि पॉझिटिव्ह आला तर रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप, त्याचा आणखी साधारण तासभर. पण यात हाताचं काम जास्त. कार्ट्रिजच्या मशीनमध्ये नमुना औषधात मिसळून पंधरा मिनिटं ठेवला की दोन मिलि आत टाकून झाकण लावायचं, बाकी सगळं बंद डबीत होतं. इथं डीएनए आधी एका यंत्रात वेगळा काढायचा, मग त्यातला नेमका सहा मायक्रोलिटर थेंब चिपच्या खड्ड्यात सोडायचा. बुडबुडा गेला तर चाचणी फुकट. त्यामुळं सरावाचा माणूस पाहिजे, हलत्या टेबलावर भागत नाही. सपाट, सावलीतली जागा शोधा. शाळेची खोली सगळ्यात चांगली.

आणि निघायच्या आधी चिप्स मोजा, मुदत बघा. मशीन आहे, माणूस आहे, चिप्स संपल्यात, हे दृश्य फार वाईट असतं.

बरी_झालेली (जालना)

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

मला २०१६ साली झाला होता, लग्न ठरलेलं असताना. नॅटमध्ये रिफाम्पिसिनला दाद न देणारा निघाला. तेव्हा दोन वर्षांचे उपचार होते आणि रोजचं इंजेक्शन, त्यानं एका कानानं कमी ऐकू येतं अजून. आता सगळ्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स आलाय असं वाचलं आणि रडूच आलं. आनंदानं.

सांगायचं ते हे. माझी तपासणी झाली तेव्हा बाहेर बाकावर आमच्या गावचा एक माणूस बसला होता. आतून ओरडून माझं नाव आणि 'पॉझिटिव्ह' एका दमात पुकारलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं, आठ दिवसांत सोयरीक मोडली. तुम्ही तांड्यावर जाणार, सगळ्यांसमोर तपासणी करणार, तासात उत्तर येणार. ते उत्तर कुणाला आणि कसं सांगणार, ते आधी ठरवा. मशीन लवकर सांगतं म्हणून तुम्हीही लगेच सगळ्यांसमोर सांगू नका.

काचपट्टी (बीड)

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लिहिलंत म्हणून आभार.

तांड्यावरचा (केज)

मी मुकादमाचा, टोळी नेणाऱ्याचा, पोरगा. बारा-तेरा कोयत्यांची टोळी आमची, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. इथं मुकादमाबद्दल कुणी बोललं नाही, मीच बोलतो.

तुम्ही तांड्यावर आलात, एक्स-रे काढले, दोघांना टीबी निघाला. पुढं काय? त्यांनी उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतलीय. जोडीमागं लाखाच्या घरात. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात गेलेली असते, परत द्यायला हातात काही नसतं. बाईला टीबी निघाला तर जोडी मोडती. अर्ध्या कोयत्यावर गाडी भरत नाही. मग मुकादम म्हणणार, उचल परत कर नाहीतर ये. आणि आजारी माणूस येतोच. फडात एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून तिथं दवाखान्यात कुणी जात नाही. माझ्या चुलतीचं असंच झालं. खोकला होता, सगळ्यांना माहीत होतं, कुणी काही बोललं नाही. माघारी आली ती मार्चमध्ये टेम्पोत झोपून. दहा दिवस राहिली.

आमची लोकं तपासायला घाबरत नाहीत. टीबी निघाल्यावर पोटाचं काय, याला घाबरायलेत. ते सांगा, मग मी तांडा गोळा करून देतो.

स्टेथो_लातूर

चुलतींचं वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही, पण जे ठामपणे सांगता येतं ते सांगतो.

साध्या टीबीत औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरायचा धोका खूप कमी होतो. म्हणून तपासणी गाडी निघायच्या आदल्या दिवशी नको, निदान तीन आठवडे आधी हवी. ते तीन आठवडे औषध घरी झालं तर कोपीतल्या पोरांचा धोका खूप कमी होतो. सहा महिन्यांचा कोर्स असतो, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रुग्णाला निक्षयचा (सरकारी टीबी नोंदणीचा) नंबर मिळतो, तो देशात कुठंही चालतो. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तोच नंबर दाखवून पुढच्या गोळ्या मिळतात. इथून निघतानाच तिकडं बदलीची नोंद करायची, म्हणजे तिकडचा माणूस शोधत येतो.

ऊस तोडणं, मोळी डोक्यावर घेणं, हे पहिले दोन महिने करू नये असंच मी डॉक्टर म्हणून सांगणार. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. सहा महिन्यांचे सहा हजार. लाखाच्या उचलीपुढं ते काहीच नाहीत, हे मला कळतं.

बीएएमएस_तालुका (परभणी)

उलट बाजूनंही बघा. टोळीत एकाला आहे आणि सापडला नाही, तर हंगाम संपेपर्यंत आणखी दोघं-तिघं पडतील. मग किती कोयते मोडतील? मुकादमाच्या फायद्याचीच गोष्ट आहे ही. त्याला असं समजावलं तर?

तांड्यावरचा (केज)

माझ्या बापाला मी असंच सांगून बघतो. पण सगळे मुकादम ऐकतील अशी खात्री नाही देत.

एक होऊ शकतं. ज्याला निघाला त्याला पहिले दोन महिने कोयता न देता कोप्यांवर ठेवायचं, पोरं सांभाळायला, जनावरांना. तसा एखादा माणूस टोळीत लागतोच, म्हातारं माणूस नेतो आम्ही त्यासाठी. त्याच्या बदली घरातलं दुसरं कुणी तोडीला. उचल तशीच राहती, जोडी मोडत नाही. हे आमच्या टोळीपुरतं मी करून दाखवतो, शब्द देतो.

आशा_धारूरकडची

शाबास रे बाळा.

माझ्या डोक्यात एक फार दिवसांचं आहे. ती १०० दिवसांची टीबी मोहीम ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. चांगली मोहीम, आम्ही घरोघर गेलो. पण डिसेंबरात आमच्या गावात कोण होतं? म्हातारी माणसं आणि कुलपं. देशाची तारीख एक असते, त्याचा राग नाही. पण आमच्याकडं ज्यांना हा आजार व्हायची जास्त भीती, ते तेव्हा फडात होते. आमची तारीख आम्हीच काढायला पाहिजे, भादव्यात.

काचपट्टी (बीड)

ताई, 'भादव्यात' हा शब्द मी उचलतो. गौरी-गणपतीला बहुतेक सगळे गावात असतात आणि गाड्यांना अजून तीन-चार आठवडे अवकाश असतो.

थोडा हिशोब मांडतो म्हणजे अपेक्षा बरोबर राहील. त्याच सर्वेक्षणात देशात मोठ्या माणसांमध्ये लाखामागं ३१६ रुग्ण निघाले. म्हणजे हजारात तीन. एका तांड्यावर चारशे मोठी माणसं धरली तर एक किंवा दोन. कुपोषण, धूर, दाटीचा निवारा, तंबाखू, साखरेचा आजार हे सगळं आमच्याकडं असल्यानं जास्तही निघतील, पण पहिल्या दिवशी एकही निघाला नाही तर 'फुकट गेलं' म्हणू नका. आणि ज्याला निघेल त्याच्या घरातल्या प्रत्येकाची तपासणी त्याच दिवशी. ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या, आठवड्यातून एकदा अशा बारा मात्राही मिळतात.

नियोजन असं डोक्यात आहे. तालुक्यातल्या टीबी युनिटच्या सुपरवायझरशी मी बोललो, ते अनुकूल आहेत. हातातला एक्स-रे जिल्ह्यावरून मागायचा. नॅट शाळेच्या खोलीत. ज्याचा एक्स-रे संशयास्पद, त्याचा एक बेडका तिथंच आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी ताई घरून आणतील. पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांची यादी आधी करायची. मेलेल्या जंतूचा डीएनएही मशीनला सापडतो, त्यामुळं त्यांचं उत्तर पॉझिटिव्ह आलं तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

उत्तर कुणालाही तिथं सांगायचं नाही, मुकादमालाही नाही. संध्याकाळी ताई आणि मी ज्याच्या त्याच्या घरी जाऊ, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सगळ्यांच्याच घरी, म्हणजे कुणाच्या दारात गेलो यावरून काही कळणार नाही.

बरी_झालेली (जालना)

सगळ्यांच्याच घरी. हे फार चांगलं केलंत.

मी येऊ का त्या दिवशी? एक्स-रेच्या आडोशाजवळ बायकांसोबत थांबेन. मला काही येत नाही, पण 'मला झाला होता आणि मी ही उभी आहे' एवढं सांगता येईल.

काचपट्टी (बीड)

या ताई, नक्की या. एसटी कुठली, कुठं उतरायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवतो.

यंत्रदुरुस्ती (छ. संभाजीनगर)

मी शनिवारी मोकळा असतो. आदल्या दिवशी येऊन मशीन लावून, एक चाचणी काढून देतो. शाळेच्या खोलीत अर्थिंग आहे का ते बघून ठेवा.

तांड्यावरचा (केज)

बापाशी बोललो. आधी नाही म्हणाला, मग चुलतीचं नाव काढलं तसा गप झाला. सकाळी म्हणाला, आपल्या टोळीचं करून घे.

एक सांगतो, दिवसा येऊ नका. भादव्यात सोयाबीनच्या खुरपणीला, फवारणीला सगळे रानात असतात, रोज बुडवून कुणी येणार नाही. चार वाजता सुटी होती. साडेचारनंतर माणसं मिळतील. शाळेची किल्ली गुरुजींकडून मी घेतो, अंगणात मंडप टाकतो. हापसा शाळेपासून लांब आहे, प्यायच्या पाण्याचा टँकर सांगून ठेवू का?

काचपट्टी (बीड)

सांगून ठेव. गरम पाण्यासाठी एक पातेलं आणि चुलही लागेल, ताईंनी लिहिलंय तसं. साडेचारला आम्ही शाळेत असू. डब्या मी आणतो, मोजून प्रत्येकाला दोन.